माल कोणाचा झाला, आणि कोणत्या क्षणी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. लालबागेत तुम्ही आणि तुमचे बंधू शाळांच्या गणवेशांचा व्यवसाय करता. कापड मुळजी जेठा मार्केटातून आणि भिवंडीच्या एका व्यापाऱ्याकडून येते, शिलाई तुमच्याच कारखान्यात होते आणि तयार गणवेश मुंबई, ठाणे व पुण्याच्या दुकानांना जातात. लेखी करार आजवर कधी झाला नाही. सगळा व्यवहार फोनवर आणि व्हॉट्सॲपवर. या पावसाळ्यात तीन अडचणी एकदम उभ्या राहिल्या. भिवंडीच्या गोदामात तुमच्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवलेले ४० तागे भिजले आणि व्यापारी त्यांची पूर्ण किंमत मागत आहे. त्याच्याकडूनच आधी आलेल्या दुसऱ्या लॉटचे कापड शिवून झाल्यावर पहिल्याच धुण्यात आटले आणि त्याचा रंग सुटला; त्यावर त्याचे म्हणणे, ‘नमुना पाहूनच घेतला होता.’ पुण्याच्या एका दुकानदाराकडे आठ महिन्यांपासून ३,८०,००० रुपये अडकले आहेत आणि आता तो म्हणतो की माल जांगड, म्हणजे पसंत पडला तरच ठेवायचा या बोलीवर घेतलेला, होता. कायदा यात नेमके काय सांगतो आणि लेखी करार नसताना तो आपल्या बाजूने उभा राहील का, असे तुम्ही विचारले आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ फोर्टात वकिली करतो आणि माझे बहुतेक पक्षकार व्यापारी आहेत. या अनुभवावरून सांगतो की तुमच्या तिन्ही अडचणींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: व्यवहार ठरला त्या दिवशी काय ठरले आणि काय ठरवायचे राहून गेले. मालविक्री अधिनियम, १९३० हा कायदा व्यापाऱ्यांवर फारसे काही लादत नाही. उभयपक्षी जे ठरले असेल ते तो मान्य करतो आणि ठरवायचे राहिले असेल तिथे स्वतःचा नियम बसवतो. कलम ६२ तर स्पष्टच म्हणते की कायद्याने गृहीत धरलेला कोणताही हक्क वा जबाबदारी उघड करारामुळे, दोघांमधल्या आजवरच्या व्यवहाराच्या रिवाजामुळे किंवा दोघांवरही बंधनकारक असणाऱ्या वहिवाटीमुळे बदलू शकते. म्हणून ‘कायदा काय म्हणतो’ या प्रश्नाच्या आधी ‘तुम्ही एकमेकांना काय म्हणालात’ हा प्रश्न येतो.

हे नियम पूर्वी १८७२ च्या करार कायद्याच्या सातव्या प्रकरणात, कलम ७६ ते १२३ मध्ये होते. ते तिथून काढून, इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्याचा नमुना पुढे ठेवून, १ जुलै १९३० पासून स्वतंत्र कायदा अमलात आला. ‘माल’ म्हणजे पैसा आणि निव्वळ दाव्याने वसूल करण्याचे हक्क सोडून प्रत्येक जंगम मालमत्ता. त्यात शेअर येतात, उभे पीकही येते. तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर हाही मालच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या प्रकरणात ठरवले. तो निकाल विक्रीकराच्या संदर्भातला होता, पण विचार तोच. तुमचे कापड आणि गणवेश याबाबत काहीच शंका नाही.

लेखी करार नाही म्हणून तुम्ही घाबरला आहात, त्याचे उत्तर सोपे आहे. कलम ५ नुसार विक्रीचा करार तोंडी होऊ शकतो, लेखी होऊ शकतो, अर्धा तोंडी आणि अर्धा लेखी होऊ शकतो, इतकेच काय, दोघांच्या वागण्यावरूनही तो झाला असे मानता येते. ‘४० तागे ठेवा, भाव मागचाच’ या तुमच्या संदेशाला ‘ठेवले’ असे उत्तर आले, की करार झाला. अडचण येते ती सिद्ध करताना. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधला संदेश न्यायालयात पुरावा म्हणून ठेवायचा तर त्याबरोबर ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणून ज्या फोनवर हे संदेश आहेत तो विकू नका, बदलू नका आणि संभाषणातला एकही संदेश पुसू नका. स्क्रीनशॉट काढून मूळ संभाषण पुसून टाकणारे पक्षकार मी पाहिले आहेत. त्यांची बाजू खरी असूनही ती मांडताना आम्हाला फार कष्ट पडले.

आता भिजलेल्या ताग्यांकडे येऊ. माझ्या मते तुमच्या तीन प्रश्नांपैकी हाच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण विक्रीच्या कायद्याचा गाभा इथेच आहे.

सर्वसाधारण समज अशी असते की माल ताब्यात आला की तो आपला झाला, किंवा पैसे दिले की आपला झाला. कायदा या दोन्हींपैकी कशालाच बांधलेला नाही. मालविक्री अधिनियमाचे कलम १९ सांगते की निश्चित केलेल्या मालाची मालकी उभय पक्षांना जेव्हा जावी असे वाटत होते तेव्हा जाते. त्यांना काय वाटत होते हे करारातल्या शब्दांवरून, त्यांच्या वागण्यावरून आणि परिस्थितीवरून ठरवायचे. यावरून काहीच कळत नसेल तर पुढच्या कलमांतले नियम लागू होतात. कलम २० प्रमाणे, माल ठरावीक असेल, म्हणजे ‘हेच तागे’ असा बोट दाखवून ठरलेला असेल आणि तो जसाच्या तसा उचलून नेण्याजोगा असेल, तर करार होताक्षणीच मालकी खरेदीदाराकडे जाते. पैसे नंतर द्यायचे असोत की माल नंतर उचलायचा असो. कलम २६ नुसार मालकीबरोबर जोखीमही जाते. म्हणजे गोदाम व्यापाऱ्याचे, कुलूप व्यापाऱ्याचे, पैसे अजून दिलेले नाहीत, तरीही भिजलेला माल तुमचा असू शकतो. हे ऐकून पक्षकारांना धक्का बसतो, पण नियम तसाच आहे.

मात्र कलम २२ इथे तुमच्या मदतीला येऊ शकते. किंमत काढण्यासाठी विक्रेत्याने मालाचे वजन करणे, मोजमाप करणे किंवा असेच दुसरे काही करणे बाकी असेल, तर ते काम पुरे होऊन खरेदीदाराला त्याची खबर मिळेपर्यंत मालकी जात नाही. कापडाचा भाव मीटरवर असतो आणि एका ताग्यात किती मीटर आहे ते ताग्यागणिक वेगळे. तुमच्या ४० ताग्यांचे मीटर मोजून चिठ्ठीवर लिहिले होते का, आणि तो आकडा व्यापाऱ्याने तुम्हाला कळवला होता का? उत्तर ‘होय’ असेल तर माल बहुधा तुमचा झाला होता. ‘नाही’ असेल, म्हणजे फक्त तागे बाजूला काढून नाव लावले होते आणि मोजणी टेम्पो आल्यावर व्हायची होती, तर तो व्यापाऱ्याचाच राहिला आणि नुकसानही त्याचेच. तुम्ही स्वतः गोदामात जाऊन तागे निवडले की फोनवर ‘त्या लॉटमधले ४० काढा’ म्हणालात, यानेही फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात कलम २३ लागते: त्याने नेमके ४० तागे तुमच्या करारापोटी बिनशर्त वेगळे काढले पाहिजेत आणि त्याला तुमची संमती पाहिजे. ती संमती आधीच दिलेली असू शकते आणि उघड शब्दांत नसली तरी चालते.

२६ जुलै २००५ च्या पावसाचा इथे उल्लेख करावासा वाटतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुर्ला, कालिना, साकीनाक्याची तळमजल्यावरची गोदामे पाण्याखाली गेली. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे येणाऱ्या माणसांचा प्रश्न एकच असायचा: बुडालेला माल कोणाचा? एका पक्षकाराने वृत्तपत्राच्या कागदात दाबून वाळवलेली चलानबुके आणली होती. पाने एकमेकांना चिकटलेली, बॉलपेनची शाई पसरलेली. ती सोडवताना एका चलानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द मात्र स्वच्छ वाचता येत होते: ‘मीटर बाकी.’ विक्रेत्याच्या मुनीमाचे ते हस्ताक्षर होते. दुसऱ्या बाजूच्या वकिलांनी तो कागद पाहिला आणि तडजोडीची बोलणी त्याच आठवड्यात सुरू झाली. त्या मुनीमाने ते शब्द कायद्यासाठी लिहिले नव्हते, स्वतःच्या आठवणीसाठी लिहिले होते. पण मालकी गेली नव्हती हे दाखवायला तेवढे पुरेसे होते.

समजा मोजणी झाली होती आणि मालकी तुमच्याकडे आली होती. तरीही सगळे संपले असे नाही. त्याच कलम २६ मध्ये दोन गोष्टी राखून ठेवल्या आहेत. एक, माल नेण्यात वा देण्यात ज्याच्या चुकीने उशीर झाला, त्या उशिराअभावी न झाले असते असे नुकसान त्याने सोसायचे. सोमवारी टेम्पो पाठवायचे ठरले असताना तुम्ही तो गुरुवारपर्यंत पाठवला नाही आणि बुधवारी पाणी शिरले, तर बोट तुमच्याकडे येईल. उलट तुमचा टेम्पो सोमवारी दारात उभा राहून ‘आज हमाल नाहीत’ म्हणून रिकामा परत गेला असेल, तर ते त्याच्याकडे जाईल. दुसरी गोष्ट अशी की तुमचा माल त्याच्या ताब्यात असेतोवर तो त्या मालाचा सांभाळ करणारा ठरतो. करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यायला हवी. भिवंडीत पावसाळ्यात तागे लाकडी फळ्यांवर न रचता थेट फरशीवर ठेवणे किंवा गळका पत्रा ठाऊक असून तसाच ठेवणे ही ती काळजी नव्हे. शेजारच्या रचलेल्या मालाला काही झाले नाही आणि तुमचाच खाली होता, असे असेल तर त्याचे फोटो आजच काढून घ्या. त्याच्या विमा पॉलिसीत केवळ स्वतःचाच माल धरला आहे की इतरांचा, सांभाळासाठी ठेवलेला मालही धरला आहे, हेही लेखी विचारा. तसा उल्लेख असेल तर तुमच्यापैकी कोणालाच तोटा सोसावा लागणार नाही, आणि भांडण्यापेक्षा दोघांनी मिळून विमा कंपनीकडे जाणे शहाणपणाचे ठरेल.

आटलेल्या कापडाची गोष्ट वेगळी आहे. खरेदीदाराने डोळे उघडे ठेवून घ्यावे, नंतर तक्रार करू नये, हे जुने तत्त्व आपल्या कायद्यात आहे. कलम १६ त्यानेच सुरू होते. पण त्याला असलेले अपवाद इतके मोठे आहेत की व्यापारी व्यवहारात बहुतेक वेळा अपवादच लागू पडतात. माल कशासाठी हवा आहे हे तुम्ही विक्रेत्याला सांगितले, त्याच्या जाणकारीवर विसंबलात आणि तसा माल विकणे हाच त्याचा धंदा असेल, तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे, ही शर्त कायदा आपोआप गृहीत धरतो. तुमच्या संदेशातले एक वाक्य मी दोनदा वाचले: ‘शाळेच्या गणवेशासाठी हवे, मुले रोज घालतात, रोज धुतले जाते.’ ते कोणत्या हेतूने लिहिलेत ते मला माहीत नाही, परंतु तुमच्या संपूर्ण प्रकरणात त्याच्याइतके मोलाचे वाक्य दुसरे नाही.

नमुना पाहिला होता, हे त्याचे उत्तर अपुरे आहे. कलम १७ प्रमाणे नमुन्यावरून झालेल्या विक्रीत माल नमुन्याप्रमाणे तर असलाच पाहिजे, शिवाय नमुना नीट तपासूनही दिसला नसता असा, माल बाजारात खपण्याजोगा न ठेवणारा दोष त्यात असता कामा नये. हा नियम ज्या जुन्या निकालांवर उभा आहे त्यांतला एक चक्क कापडाचाच आहे. १८८७ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे ड्रमंड विरुद्ध व्हॅन इंजेन हे प्रकरण आले. कोटांसाठी मागवलेले लोकरी कापड नमुन्याशी तंतोतंत जुळत होते, पण विणीतच दोष होता, त्यामुळे ते कोट शिवायला निरुपयोगी ठरले. तोच दोष नमुन्यातही होता. मात्र नेहमीच्या तपासणीत तो दिसला नसता. न्यायालयाने उत्पादकाला जबाबदार धरले. रंग पक्का आहे की नाही हे शेड कार्डवरच्या बोटभर तुकड्याकडे पाहून कोणालाही कळत नाही.

इथपर्यंत तुमची बाजू भक्कम आहे. कमकुवत दुवा पुढे आहे आणि तो स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. शर्तीचा भंग झाला की खरेदीदाराला माल नाकारता येतो. पण कलम ४२ प्रमाणे मालकासारखा वापर केला, म्हणजे तुमच्या बाबतीत कापड बेतले आणि शिवले, की माल स्वीकारला असे धरले जाते. मग कलम १३ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार तोच शर्तीचा भंग केवळ हमीचा भंग म्हणून वागवावा लागतो. माल परत करण्याचा मार्ग बंद होतो आणि नुकसानभरपाईचा तेवढा उरतो. कलम ५९ प्रमाणे ही भरपाई तुम्ही व्यापाऱ्याच्या बिलातून वजा मागू शकता किंवा तिच्यासाठी वेगळा दावा लावू शकता. तिच्यात कापडाच्या किमतीतला फरक येतो. कापड कशासाठी आहे हे त्याला माहीत असल्यामुळे वाया गेलेली शिलाई, बटणे आणि शाळेने परत केलेल्या गणवेशांचा खर्चही, करार कायद्याच्या कलम ७३ च्या कसोटीवर, मागता येतो. त्यासाठी शिलाईच्या मजुरीच्या पावत्या आणि शाळेचे पत्र लागेल. न शिवलेले, अजून अखंड असलेले तागे असतील तर तेही वेगळे ठेवा आणि त्यांबाबत ताबडतोब लेखी कळवा.

पुढच्या वेळी प्रत्येक लॉटमधला मीटरभर तुकडा कापून, धुऊन, वाळवून, मोजून पाहिल्याशिवाय कात्री लावू देऊ नका. कलम ४१ ने तपासणीची वाजवी संधी तुम्हाला दिलेलीच आहे. ती वापरायला दोन दिवस लागतात. दोष दिसला तर ‘माल नामंजूर’ एवढे स्पष्ट कळवणे पुरेसे आहे. कलम ४३ प्रमाणे, वेगळे ठरलेले नसेल तर, नाकारलेला माल परत पोहोचवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नसते. टेम्पो त्याने पाठवायचा. त्याच्या बिलावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले आहे, असे तुम्ही लिहिता. करार फोनवर झाला आणि बिल नंतर मालाबरोबर आले, तर मागाहून आलेल्या कागदावरचे छापील वाक्य झालेल्या करारात आपोआप शिरत नाही. मात्र वर्षानुवर्षे तशीच बिले तुम्ही काही न बोलता घेत आला असाल, तर व्यवहाराच्या रिवाजाचा मुद्दा तो मांडू शकेल. काही झाले तरी ते वाक्य माल परत घेण्याबद्दल आहे. सदोष मालाच्या भरपाईबद्दल त्यात अवाक्षर नाही.

पुण्याच्या दुकानदाराचे ‘जांगड’ हे म्हणणे मात्र गांभीर्याने घ्यावे लागेल, कारण जांगड ही मुंबईच्या बाजाराची खरी, जुनी आणि न्यायालयांनी ओळखलेली पद्धत आहे. झवेरी बाजारात किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात रोज जांगड चिठ्ठीवर माल हातोहात फिरतो. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत करायचा. तोपर्यंत मालक देणाराच. कलम २४ याच प्रकारासाठी आहे. खरेदीदाराने पसंती कळवली किंवा माल स्वतःचा मानल्यासारखे काही केले की मालकी त्याच्याकडे जाते. तो गप्प राहिला तर परतीची ठरलेली मुदत उलटल्यावर, आणि मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ उलटल्यावर जाते. शाळा जूनमध्ये सुरू होतात. हंगामापूर्वी घेतलेले गणवेश हंगाम संपून गेल्यावरही परत न करता ठेवणे हा वाजवी काळ आहे असे कोणतेही न्यायालय सहजी म्हणणार नाही. म्हणजे माल खरोखर जांगड होता असे घटकाभर मानले, तरी तो आता त्याने विकत घेतलेलाच ठरतो. शिवाय तुम्ही कर लावून बिल दिले असेल, त्याने त्यातली काही रक्कम भरली असेल, तर जांगडीची गोष्ट मुळातच टिकत नाही.

चिठ्ठीवरच्या एका ओळीने किती फरक पडतो ते लंडनच्या दोन निकालांवरून कळते. १८९७ च्या कर्कहॅम विरुद्ध अॅटनबरो या प्रकरणात पसंतीसाठी नेलेले दागिने नेणाऱ्याने सावकाराकडे गहाण टाकले. गहाण टाकणे म्हणजे माल स्वतःचा मानणे, म्हणून मालकी त्याच्याकडे गेली आणि मूळ जवाहिऱ्याला सावकाराकडून दागिने परत मिळाले नाहीत. १९०६ च्या वाइनर विरुद्ध गिल या प्रकरणातही तसेच घडले होते, पण त्या जवाहिऱ्याने आपल्या चिठ्ठीवर लिहून ठेवले होते की हिशेब चुकता होईपर्यंत किंवा माल नावे टाकला जाईपर्यंत तो माझाच राहील. त्याला दागिने परत मिळाले. व्यवहार एकसारखे, निकाल उलट, मध्ये फक्त एक वाक्य. तुम्ही यापुढे नमुन्याचे गणवेश दुकानात ठेवायला द्याल तेव्हा परतीची तारीख आणि हे वाक्य, दोन्ही चिठ्ठीवर असू द्या.

पैसे वसूल करण्याबाबत एक गैरसमज आधी दूर करतो. ‘पैसे दिले नाहीत म्हणजे माल अजून आमचाच, माणसे पाठवून उचलून आणतो,’ असे तुमचे बंधू म्हणतात. कृपया तसे अजिबात करू नका. न फेडलेल्या विक्रेत्याला कायदा फार चांगले हक्क देतो, पण त्यांतले बहुतेक माल हातून सुटेपर्यंतचे आहेत. माल तुमच्या ताब्यात असेल आणि उधारीची मुदत संपली असेल तर कलम ४७ प्रमाणे तो अडवून ठेवता येतो. माल वाहतुकीत असताना खरेदीदार नादार झाल्याचे कळले तर कलम ५० प्रमाणे वाटेत थांबवता येतो. ‘नादार’ ठरायला न्यायालयाचा हुकूम लागत नाही, धंद्याच्या रीतीने देणी देणे त्याने थांबवले एवढे पुरते. अडवलेला माल, नोटीस देऊन वाजवी मुदत गेल्यावर, कलम ५४ प्रमाणे दुसऱ्याला विकता येतो. नोटीस न देता विकलात तर तोटा मागता येत नाही आणि झालेला नफा मात्र खरेदीदाराला द्यावा लागतो, हे लक्षात ठेवा. माल एकदा दुकानात पोहोचला की उरतो तो किमतीचा दावा. पूर्ण किंमत मिळेपर्यंत मालकी आपल्याकडे राहील असे आधीच ठरवता येते, परंतु त्या दुकानदाराने तोच माल प्रामाणिक गिऱ्हाइकाला विकला तर कलम ३० त्या गिऱ्हाइकाला संरक्षण देते. त्यामुळे किरकोळ मालाला त्याचा उपयोग मर्यादित आहे. खरे तर कलम ३२ प्रमाणे माल देणे आणि पैसे देणे एकाच वेळी व्हायला हवे; उधारी ही तुम्ही दिलेली सवलत असते. ती किती दिवसांची आणि किती रकमेपर्यंतची, हे तुम्हीच लिहून ठेवले पाहिजे.

किमतीच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे: उधारीचे दिवस ठरले नसतील तर माल दिल्यापासून, ठरले असतील तर ते संपल्यापासून. मुदत संपण्याआधी त्याने सहीनिशी बाकी कबूल केली तर ती नव्याने सुरू होते. म्हणून खातेउताऱ्यावर ‘बाकी बरोबर’ अशी सही घेण्याची पेढ्यांची जुनी रीत सोडू नये. तुमची रक्कम ३ लाखांच्या वर आहे आणि वाद व्यापारी स्वरूपाचा आहे, त्यामुळे तो २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय अधिनियमाखाली येतो. तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थीला जावेच लागते. पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे बंधनकारक ठरवले आहे. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरला जात नाही. त्याने दिलेला धनादेश न वटता परत आला असेल, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात फिर्याद दाखल झाली पाहिजे. या तारखा चुकवू नका.

तुम्ही गणवेश स्वतः शिवता, म्हणजे उत्पादक आहात. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, या पुरवठ्याच्या आधीची असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रमांच्या कायद्याचा मार्गही खुला आहे. त्यात उधारी काहीही ठरलेली असो, ४५ दिवसांपलीकडे चालत नाही. उशिराच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते, आणि वाद त्या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे नेता येतो. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र जुलै २०२१ च्या परिपत्रकाने ही नोंदणी फक्त प्राधान्यक्षेत्रातील कर्जापुरती दिलेली आहे, म्हणून नोंदणीच्या दाखल्यावर तुमचा व्यवसाय ‘उत्पादन’ असा लिहिलेला आहे ना, ते तपासा.

‘मुंबई न्यायक्षेत्राच्या अधीन’ हे तुमच्या बिलावरचे वाक्य मुंबईचा काहीच संबंध नसता तर निरुपयोगी ठरले असते. इथे माल मुंबईत वाहतूकदाराच्या हवाली झाला, आणि कलम ३९ प्रमाणे तीच सकृद्दर्शनी खरेदीदाराला दिलेली डिलिव्हरी होते. त्यामुळे पुण्याला खेटे न घालता मुंबईतच दावा लावता येईल असे मला वाटते. वाहतूकदाराची बिल्टी, म्हणजे माल हवाली केल्याची त्याची पावती, त्यासाठी शोधून ठेवा.

यातले पहिले काम भिवंडीचे आहे, कारण तिथला पुरावा दर दिवशी हलतो आहे. भिजलेले तागे अजून गोदामात असतील तर उद्याच जा आणि ताग्यांवर लावलेल्या चिठ्ठ्यांचे, मागच्या बाजूसकट, एकेक करून फोटो घ्या. मीटरचा आकडा ज्या चिठ्ठीवर आहे आणि ज्या चिठ्ठीवर नाही, अशा दोन वेगळ्या याद्या करा. चाळिसांपैकी काहींची मोजणी झाली असेल आणि काहींची राहिली असेल, तर व्यापाऱ्याशी बोलणे त्या दोन याद्या समोर ठेवूनच करावे लागेल.